मेलेली लाख

॥ श्री ॥

रनाळे,
ता. ४ डिसेंबर १९३८

सुरतेस राहणाऱ्या आमच्या माणसास गजराचा नमस्कार पोचावा.

वर काय लिहावं यातच अर्धी सकाळ गेली. शाळेत बाईंनी मामलेदारांना अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं होतं. नवऱ्याला पत्र कसं लिहायचं ते काही शिकवलं नाही. तेव्हा चुकलं असेल तर हसा. हसलात तर मला बरंच वाटेल.

इकडे सगळी खुशाल आहेत. कापसाची वेचणी आटोपत आली. मिरची अंगणात पसरली आहे, त्यामुळे येणारा जाणारा प्रत्येक जण दारातच शिंकतो आणि मगच रामराम घालतो. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरतो, पण शेकलं की चालतात. म्हैस व्यायली, पारडी झाली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. मामंजी तिला सारखे बघायला जातात आणि कुणी विचारलं तर म्हणतात, वैरण टाकायला गेलो होतो.

बांधावरची अंबाडी यंदा माणसाहून उंच झाली. ओढ्याच्या डोहात कुजत घातली होती, ती सोलून वाख काढून झाला. सासूबाई दोर वळायला बसल्या. त्यातला थोडा वाख मी मागून घेतला आहे. कशाला ते पुढे सांगेन.

बाजाराच्या दिवशी मामंजींच्या गाडीतून नंदुरबारला गेले होते. लाखेच्या बांगड्या करणारी रूपलीबाई तुम्हाला आठवत असेल, तिचं दुकान मिरचीबाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. तिच्या हातोडीचा दांडा मोडला होता. तिने त्यावर अंबाडी गुंडाळून वर गरम लाख चढवली, आणि माझ्यादेखत तो पुन्हा निखळला. लाख एकीकडे, अंबाडी एकीकडे. वाखाचा धागा लाखेतून असा कोरडा बाहेर आला की जणू तिथे कधी नव्हताच. रूपलीबाई लाखेला शिव्या देऊ लागली. मी तो धागा बोटात घेऊन बघत राहिले. गुळगुळीत होता, थोडा तेलकट. कोरं कापडही असंच रंग धरत नाही. आधी ते खारात उकळून त्याचं मेण काढावं लागतं. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "मंग उकळी दख ना पोरी, मन्हं काय जास!"

म्हणून वाख मागून घेतला. घरी चुना आणि धुण्याचा सोडा घालून उकळणार आहे.

तुमच्या खोलीतले गोवालभाऊ परवा सुरतेहून येऊन गेले. तुम्ही जरीच्या कारखान्यात बसून रिळं भरता, तब्येत बरी आहे, असं सांगितलं. तुमचा निरोपही त्यांनी सांगितला. मी तो ऐकला आणि त्यांना भाकरी वाढली.

तुमची वहाण कुठल्या मापाची ते मला ठाऊक आहे, तरी एकदा लिहा. उत्तर आलं नाही तरी मी पुन्हा लिहीन.

तुमची,
गजरा

॥ श्री ॥

रनाळे,
ता. २२ जानेवारी १९३९

सुरतेस नमस्कार.

उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

मागच्या पत्रात एका ठिकाणी मी वळसा घातला होता. आज सरळ लिहिते. गोवालभाऊंनी सांगितलेला निरोप असा होता, की गजराला माहेरी पाठवा, ती तरुण आहे, तिच्या बापाने तिचा पाट लावून द्यावा, माझं काही म्हणणं नाही. हे सांगताना त्या बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. तुमचं हे म्हणणं शहाद्याला आमच्या आप्पांच्याही कानावर गेलं. संक्रांतीनंतर ते गाडी घेऊन आले. एक स्थळ आहे म्हणाले, माणूस चांगला आहे म्हणाले. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत, तिथूनच म्हणाल्या, "तिले इचारा. मी काय सांगू?"

मी आप्पांना तीळगूळ दिला, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि सांगितलं की माझं काम अर्धं आहे, ते सोडून येता येणार नाही. काय काम ते त्यांना दाखवलं. ते बराच वेळ हातात धरून बसले. जाताना म्हणाले, "जमेल का गं?" म्हटलं, जमेल. मग एकटेच गेले.

ते काम म्हणजे तुमचा पाय.

लिहिलं एकदाचं. या घरात कुणीच तो शब्द उच्चारत नाही. सासूबाई "ते" म्हणतात, मामंजी नुसतं खाली बघतात. पावसात रेल्वेचे डबे जोडताना तुम्ही घसरलात आणि पाय गुडघ्याखालून तुटून गेला, ते साऱ्या नंदुरबार स्टेशनाने पाहिलं. मी तर पाहिलंही नाही. सुरतेच्या इस्पितळात मी आले तेव्हा तुम्ही चादर ओढून घेतलीत आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी दुपारभर त्या भिंतीकडेच पाहत बसले होते.

नंतर सुताराने सागाचा पाय करून दिला. तो इतका जड होता की तुम्ही कमरेतून वाकायचात, आणि आतून कातडी सोलवटायची. तुम्ही तो फेकलात यात तुमचं काही चुकलं नाही. पण लाकडाचा जड झाला म्हणून पाय होतच नाही, असं थोडंच आहे? पोकळ, हलका, शेंगेसारखा पाय का होऊ नये? अंबाडी ओढ सोसते, पण उभी राहत नाही. लाख उभी राहते, पण टिचकी मारली तरी फुटते. दोन्ही एकमेकींना धरून राहिल्या तर? एवढंच माझ्या डोक्यात आहे.

आता धरून कशा राहतील ते सांगते. पहिला वाख मी सोड्याच्या खारात खूप उकळला. मऊ, पांढरा, सावरीच्या कापसासारखा झाला. मला वाटलं जिंकलं. ओढून पाहिला तर हातात तुटला! खाराने मेणाबरोबर त्याचा जीवही खाल्ला होता. दुसऱ्या वेळी कमी उकळला. धागा खरखरीत झाला, तकाकी गेली, पण ओढ तशीच राहिली. त्यावर लाख चढवली तर सगळी चिकचिकीत होऊन विरघळली. मी तर रडकुंडीला आले. रूपलीबाईने जिभेला लावून पाहिलं आणि थुंकली. धाग्यात खार उरला होता, आणि लाखेला खार चालत नाही. मग चिंचेच्या पाण्यातून काढला, ओढ्यात पुन्हा पुन्हा धुतला, सावलीत पार कोरडा होईस्तोवर वाळवला.

मग लाखेची पूड पेरून तापल्या लोखंडाने दाबला. थंड झाल्यावर रूपलीबाईने चिमट्याने एक धागा ओढला. धागा तुटला, पण लाखेतून सुटला नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो की शेजारचा तांबट हातोडी थांबवून बघायला आला.

गोवालभाऊंना मी दोरी दिली आहे. तुम्ही झोपलात की माप घ्या म्हणून. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण मला लपवता येत नाही.

तुमची,
गजरा

॥ श्री ॥

रनाळे,
ता. १६ एप्रिल १९३९

सुरतेस नमस्कार.

मामंजी काल परत आले. दोरीच्या मापाने केलेला पहिला पाय घेऊन गेले होते, तो पाय घेऊनच परत आले. अंगणात त्यांनी तो खाली ठेवला तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. नडगी मधोमध वाकली होती, जणू पाघळलेला गूळ. मामंजी म्हणाले, पाय लावून तुम्ही कारखान्यात गेलात, दुपारी काढून गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवलात, आणि उन्हाने तो लोळला. तुम्ही म्हणालात, "तिला म्हणावं, आता पुरे."

मी ते ऐकलं. पण मग मामंजींना एकटं गाठून विचारलं, दुपारपर्यंत काय झालं ते सांगा. आधी सांगेनात. मग सांगितलं, की सकाळी तुम्ही दारापासून नळापर्यंत गेलात आणि स्वतःची बादली स्वतः भरून आणलीत. कुबडी भिंतीला होती. नळावरच्या बायका बाजूला झाल्या तर तुम्ही म्हणालात, माझा नंबर आला की भरीन. एवढं सांगून मामंजी उठले. ते पारडीला बघायला निघून गेले.

तुम्ही "पुरे" म्हणालात ते वाकलेल्या पायाला म्हणालात. बादली भरून आणली त्या पायाला नाही. मी असं धरून चालते.

वाकलेला पाय घेऊन आम्ही रूपलीबाईकडे गेलो. तिने तो वळवून पाहिला. अंबाडी कुठेही सुटली नव्हती, दोष धाग्याचा नव्हता. लाख उन्हाने मऊ होते, आणि आपल्याकडचं चैत्राचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, मऊ न होणारी लाख नसतेच का? ती म्हणाली, असते की, पण ती आम्ही उकिरड्यावर टाकतो. विस्तवावर फार वेळ राहिली की लाख घट्ट होते, मग कितीही तापवा, वितळत नाही. तिने कोपऱ्यातून एक काळपट गोळा काढून दाखवला. "हाई मरेल लाख शे. बांगडीना कामनी नही."

मामंजी इतका वेळ दारात बसले होते. ते उठून आत आले. म्हणाले, "मंग आपले तीच जोयजे. जीती लाख तर उन्हामा लोळी पडनी!"

रूपलीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. सगळा जन्म तिने लाख मरू नये म्हणून विस्तव जपला होता.

आता ती मुद्दाम मारायची कशी, हे जमवतो आहोत. उघड्या विस्तवावर फोड आले, आत बुडबुडे झाले. मग चणे भाजणाऱ्या भडभुंज्याच्या गरम वाळूची आठवण झाली. वाळूची ऊब सगळीकडून सारखी लागते. एक तुकडा मातीच्या साच्यावर घट्ट चिंधी गुंडाळून त्याच्या वाळूत पुरला. निघाला तेव्हा काळा होता, वाजवला तर खणखणला. तो दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवला. मग मामंजी त्यावर उभे राहिले. काही झालं नाही. त्यांना खाली उतरा म्हणावं लागलं.

आता एकच राहिलं, आणि ते दोरीने होणार नाही. पहिल्या पायाने तुम्हाला आतून खुपलं, हे मामंजींनी न विचारता सांगितलं. दोरी फक्त घेर सांगते. कुठे हाड आहे, कुठे मऊ आहे, कुठे हात लावला की तुम्ही दचकता, हे दोरी सांगत नाही. त्यासाठी खळीत भिजवलेल्या चिंध्या पायावर गुंडाळून वाळू द्यायच्या आणि तो साचा चिरून काढायचा. ते हाताने करायचं काम आहे. गोवालभाऊंच्या हाताने नाही.

मी मामंजींबरोबर पुढच्या आठवड्यात येते आहे. तुम्ही भिंतीकडे तोंड करा, चालेल. पाय फक्त इकडे करा.

तुमची,
गजरा

॥ श्री ॥

रनाळे,
ता. ५ जून १९३९

सुरतेस नमस्कार.

पाय झाला. मामंजींबरोबर पाठवते आहे. हे पत्र त्याच्या आत गुंडाळून ठेवलं आहे, म्हणजे आधी तुम्हाला तो हातात घ्यावाच लागेल.

नडगीचं कवच अंबाडी आणि मेलेल्या लाखेचं आहे. पाऊल पांगाऱ्याच्या लाकडाचं आहे, ते हलकं. मांडीचा पट्टा नंदुरबारच्या चांभाराने मऊ कातड्याचा केला. पावसाचं पाणी लागलं तर पुसा. रात्रभर पाण्यात ठेवू नका, पण तसं तर खऱ्या पायालाही कुणी ठेवत नाही. आम्ही त्यावर पाणी ओतलं, उन्हात ठेवला, पुन्हा ओतलं. शेवटी रूपलीबाईने दगडी उंबऱ्यावर आपटला. मी किंचाळले. उंबऱ्याचा कपचा उडाला. ती म्हणाली, आता दे पाठवून.

सुरतेला त्या दुपारी मी फार बोलले नाही. तुम्ही म्हणाला असाल, पत्रात एवढी बडबड करते आणि समोर आली तर मुकी. हात कामात होते म्हणून असं नाही. मी घाबरले होते. आगगाडीत नवापूर गेल्यापासून मनात एकच होतं, की पाहिल्यावर माझा चेहरा जर बदलला, आणि तो तुम्हाला दिसला, तर सगळंच संपलं.

तुम्ही चादर काढलीत. स्वतः काढलीत. आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिलात. मला तर तो तुमचाच पाय वाटला, दुसरं काही वाटलं नाही. शिवण नीट बसली नव्हती, एका जागी कातडी ओढली गेली होती. मी हात लावला तर गरम होता. एवढंच मनात आलं, की हा इतके दिवस एकटाच होता.

मी चिंध्या गुंडाळल्या. त्या वाळायला वेळ लागणार होता म्हणून पंख्याने वारा घालत बसले. तुम्ही विचारलंत, "खार किती घालतेस?" मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "हात भाजतात का?" मी नाही म्हटलं. तुम्ही माझे हात उलटे करून पाहिलेत. मग डोळे मिटलेत. पाय माझ्या मांडीवर, आणि तुम्ही घोरत होता. गोवालभाऊ दारातून डोकावले आणि मामंजींना चहाला घेऊन गेले. ती दुपार मला कुणी पुन्हा दिली तर मी दुसरं काही मागणार नाही.

साचा चिरताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं असेल. माझी कात्री बोथट होती.

आता तुमच्या निरोपाचं. तो मी इतके दिवस बाळगून होते, आज त्याला उत्तर देते. मी या पायासाठी थांबले नव्हते. हा मोडला, वाकला, तुम्हाला झेपला नाही, तर दुसरा करीन, किंवा करणार नाही. तुम्ही कुबडीवर या, गाडीत पडून या, कसे या. स्टेशनात कुणी बघेल म्हणून तुम्ही सुरतेत राहणार असाल तर मीच तिकडे येते. जरीच्या कारखान्यात बायकाही बसतात, मी पाहिलं आहे. तेव्हा आपण वेगळे राहण्याचं कारण तुमचा पाय असूच शकत नाही. दुसरं काही कारण असेल तर ते लिहा. नसेल तर तसं लिहा.

मृगाचे ढग यायला लागलेत. मामंजी बियाणं निवडतात आणि मधेच उठून फाटकापाशी जातात.

तुमचीच,
गजरा

सुरत,
ता. २ जुलै १९३९

प्रिय गजरा,

दुसरं काही कारण नाही.

तुझी पत्रं आली तशी मी वाचत होतो. दरवेळी उत्तर लिहायला घ्यायचो आणि दोन ओळींनंतर रडगाणं व्हायचं, म्हणून फाडायचो.

पाय आला त्या दिवशी लावला. तेव्हापासून रोज लावतो. पहिले चार दिवस गुडघ्याखाली लाल झालं, तिथे चांभाराकडून थोडी लोकर घालून घेतली, आता खुपत नाही. इकडे पाऊस कोसळतो आहे. चिखलातून कारखान्यात जातो, येतो. आल्यावर पुसतो. परवा पायरीवर घसरलो. आधी पाय फुटला का ते पाहिलं आणि मग माझं ढोपर. दोघांनाही फार काही झालं नव्हतं. पेरणी आटोपून पुन्हा इकडे आलेले बाबा हसत सुटले. त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

साचा चिरलास तेव्हा दुखलं नव्हतं. कात्री चांगली होती.

कारखान्याच्या पलीकडच्या गिरणीत एका माणसाचं पाऊल पट्ट्यात सापडून गेलं आहे. तो दोन दिवस माझ्या मागून चालत होता, मग धीर करून त्याने पायाचं विचारलं. मी त्याला पाय काढून हातात दिला. त्याची बायको मराठी बोलते. ती तुझ्याकडे येईल. तिला खार किती आणि वाळू किती तापवायची ते सांग. पण माप ज्याचं त्याच्या घरच्याने घ्यावं, हे आधी सांग. रूपलीबाईला म्हणावं, उकिरड्यावरची लाख आता टाकू नकोस.

स्टेशनमास्तरांना अर्ज पाठवला होता. नंदुरबारला तिकीटखिडकीवर बसायचं काम देतो म्हणतात. तिथे सगळे मला ओळखतात. येतील, वाकून बघतील. बघू देत.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने बाबा आणि मी निघतो. आईला सांग. तू स्टेशनात ये. फलाटावर मी डब्यातून उतरेपर्यंत कुणी हात धरायला पुढे येऊ नये. उतरल्यावर तू ये.

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. पोस्टात लिहायला जी उंच फळी असते तिथे लिहितो आहे, आणि तिथे बसायला काही नसतं.

उभ्याने लिहिलेलं,
तुझा,
लोटन